चार तळहातांवर दीड टन: स्पोर्ट्स सेडानची हद्द ट्रॅकवर कशी तपासतात

लग्नाच्या पंगतीत किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं: "आपली गाडी एकशेचाळीसला पण रस्ता सोडत नाही हो!" सांगणारा बहुतेक वेळा एक्स्प्रेसवेवरून नुकताच उतरलेला असतो, आणि तिथली १०० ची मर्यादा आपण पाळली नाही हेही त्याच दमात कबूल करून मोकळा होतो. वाद घालण्यात अर्थ नसतो. पण सरळ रस्त्यावर १४० ला कुठलीच बरी गाडी रस्ता सोडत नाही. तिला सोडायला काही कारणच नसतं. गाडी कशी आहे ते कळतं ती वळायला लागल्यावर. आणि नीट कळतं ते तिने वळायला नकार दिल्यावर.

हा नकार ती किती वेगाला देते, पुढच्या चाकांनी देते की मागच्या, आणि देण्याआधी काही कुरकुर करते का, एवढं शोधण्यासाठी गाडी बनवणारे इंजिनिअर आणि गाड्यांची परीक्षणं लिहिणारे लोक रेसट्रॅकवर जातात, एका दिवसात टायरांचा एक संच घासून परत येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. हद्द किती वेगावर आहे याला मी दुय्यम मानतो. ती जवळ आल्याचं गाडी सांगते का, हे आधी बघतो.

गाडी रस्त्याला किती टेकते?

एक हिशेब करू. गाडी, ड्रायव्हर आणि अर्धी टाकी पेट्रोल मिळून १,५०० किलो धरा. चार चाकांत वाटले तर सरासरी एका चाकावर ३७५ किलो. टायरमध्ये हवा ३३ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.३ किलोचा दाब. ३७५ ला २.३ ने भागलं की १६३ चौरस सेंटिमीटर येतात. टायरच्या भिंतींचा ताठपणा धरला तर आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण अंदाजाला पुरेसा आहे. १८ सेंटिमीटर लांब, ९ सेंटिमीटर रुंद. आपला पंजा टेबलावर ठेवून बघा. तेवढंच.

ऑक्टोबर २०२५ मध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस भारतात पुन्हा आणली. फक्त १०० गाड्या, एक्स-शोरूम ४९.९९ लाख रुपये, २६५ पीएस (म्हणजे अश्वशक्ती), ३७० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर). साधी ऑक्टाव्हिया वर्षानुवर्षं छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवली गेली, त्यामुळे मराठवाड्यात या नावाबद्दल जरा घरचा जिव्हाळा आहे. ही आरएस मात्र तयार आयात होऊन आली. पुढे उदाहरणाला मी बहुतेक तीच घेतो, कारण ती पुढच्या चाकांवर चालणारी आहे आणि आपल्याकडच्या बहुतेक सेडानही तशाच आहेत. तर ही जी २६५ पीएसची ताकद, मोठे ब्रेक, लालभडक शिलाईच्या सीट, या सगळ्यांचा रस्त्याशी व्यवहार होतो तो चार तळहातांमधून. तेवढी एकच खिडकी उघडी असते.

या तळहातांची पकड म्हणजे एक भाकरी समजा. ब्रेक दाबला की तो तिच्यातला तुकडा तोडतो, वळण घेतलं की ते तोडतं, ॲक्सिलरेटर दाबला की तोही हात पुढे करतो. सरळ जाताना अख्खी भाकरी ब्रेकला वाढली तरी चालते. पण ब्रेक पूर्ण दाबलेला असताना स्टीअरिंग फिरवलं, तर वळणाच्या ताटात वाढायला काही उरलेलंच नसतं. गाडी सरळ जात राहते आणि ड्रायव्हर म्हणतो, "स्टीअरिंगच लागलं नाही." लागलं होतं. भाकरी संपली होती.

यात एक गंमत आहे. ही वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही. थांबण्याचं बळ आणि वळण्याचं बळ एकमेकांशी काटकोनात असतात, म्हणून इथे शाळेतला पायथागोरस लागू पडतो: ब्रेकला ७० टक्के दिले तरी वळणाला ३० नव्हे, जवळपास ७० टक्केच उरतात. चांगले ड्रायव्हर या सवलतीवर जगतात. वळणाआधी ब्रेक संपवून टाकण्याऐवजी ते वळणात शिरता शिरता पाय हळूहळू उचलतात. ब्रेकचा वाटा कमी होतो तसा वळणाचा वाढतो, आणि भाकरीचा चतकोरही वाया जात नाही. ट्रॅकवरचे लोक याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. सांगायला दोन ओळी लागतात, पायात बसायला काही वर्षं.

आता वेग. ५० मीटर त्रिज्येचं एक सपाट वळण घ्या. टायर जर गाडीच्या वजनाइतकंच आडवं बळ देऊ शकत असेल (याला १ जी म्हणतात, आणि चांगले उन्हाळी टायर घातलेली स्पोर्ट्स सेडान साधारण इथपर्यंत पोचते) तर त्या वळणाचा कमाल वेग ताशी ८० किलोमीटर येतो. घरगुती सेडान ०.८ ते ०.९ जीच्या आसपास हात टेकते. ओल्या रस्त्यावर पकड ०.६ वर आली तर त्याच वळणात ६२ च्या वर काही खरं नाही. आणि लागणारं बळ वेगाच्या वर्गाने वाढतं. ८० च्या जागी ८८ ने शिरलात, म्हणजे वेग फक्त १० टक्क्यांनी जास्त, तर पकड २१ टक्के जास्त लागते. ताम्हिणीत कठड्याला टेकलेल्या गाडीशेजारी उभा राहून जो म्हणतो की "पाच-सात किलोमीटरच जास्त होता हो," तो खोटं बोलत नसतो.

वजन पळतं कुठे

वरंध घाटात एसटीमध्ये उभ्याने प्रवास केलेल्याला वजनाचं स्थलांतर समजावून सांगावं लागत नाही. ब्रेक लागला की सगळी गर्दी ड्रायव्हरच्या केबिनकडे, वळण आलं की बाहेरच्या खिडकीकडे. गाडीचंही तसंच होतं, फक्त आत हलणारं कुणी नसतं. चाकांवरचा भार हलतो. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर आणि पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.७ मीटर धरलं, तर १ जीने ब्रेक मारल्यावर १,५०० किलोच्या गाडीत सुमारे २८० किलो मागून पुढे जातात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या सेडानचं नाक मुळातच जड. पुढे ९०० आणि मागे ६०० किलो असतील, तर जोरदार ब्रेकमध्ये पुढे ११८० आणि मागे ३२०. मागची दोन चाकं तेव्हा जवळजवळ पाहुण्यासारखी येत असतात.

वळणात हेच आडवं होतं. १ जीच्या वळणात पावणेपाचशे किलोंच्या आसपास भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो. ट्रॅकवर अशा गाड्यांचं आतलं मागचं चाक कधीकधी हवेत उचललेलं दिसतं. फोटोत ते फार मर्दानी वाटतं.

मग कुणी विचारेल, भार इकडून तिकडे गेला तर बिघडलं काय, बेरीज तर तीच आहे ना? नेमकी इथेच मेख आहे. दोन हमालांनी एकेक पोतं उचललं तर दोघेही चटचट चालतात. एकाच्या पाठीवर दोन्ही पोती दिली आणि दुसऱ्याला रिकामा सोडला, तर पोती पोचतात, पण चाल मंदावते. टायरचं तसंच आहे. भार दुप्पट झाला की पकड वाढते, पण दुप्पट होत नाही. त्यामुळे भार जितका एका बाजूला कलंडतो तितकी चौघांची मिळून पकड घटते. बुटकी, रुंद सेडान उंच एसयूव्हीपेक्षा चांगली वळते त्याचं मुख्य कारण हे. जाहिरातीत एसयूव्हीचा "स्पोर्ट" मोड बघितला की मला या दोन हमालांची आठवण येते.

आणि गाडीचा स्वभाव बदलण्याची किल्लीही इथेच असते. पुढच्या दोन चाकांना आणि मागच्या दोन चाकांना जोडणारे पोलादी दांडे असतात, अँटी-रोल बार. पुढचा बार ताठ केला की वळणात भार कलंडण्याचं जास्त ओझं पुढची जोडी घेते, तिची पकड आधी संपते. मागचा ताठ केला की मागची आधी संपते. गाडीचं एकूण वजन तेच, टायर तेच, पण एक दांडा मिलिमीटरभर जाड केल्याने ती वेगळ्या टोकाकडून सुटते.

पुढून सुटणं, मागून सुटणं

पुढची चाकं आधी हरली तर गाडी तुम्ही फिरवलंत त्यापेक्षा कमी वळते आणि वळणाच्या बाहेर ओढली जाते. हे अंडरस्टीअर. मागची आधी हरली तर शेपूट बाहेर येते आणि नाक गरजेपेक्षा जास्त आत वळतं. हे ओव्हरस्टीअर. जवळपास सगळ्या कंपन्या रस्त्यावरच्या गाड्या मुद्दाम पहिल्या प्रकारच्या ठेवतात, कारण घाबरलेला माणूस दोनच गोष्टी करतो: पाय उचलतो आणि स्टीअरिंग आणखी फिरवतो. अंडरस्टीअरमध्ये पाय उचलल्याने वेग उतरतो, भार पुढे येतो आणि बहुतेक वेळा नाक पुन्हा लागतं. ओव्हरस्टीअरमध्ये तेच केलं तर मागची चाकं आणखी हलकी होतात आणि गाडी स्वतःभोवती फिरते.

आता जरा टायरच्या आत डोकावू, कारण हद्दीची चाहूल तिथून येते. टायर रबराचा, त्यामुळे वळताना तो पिळवटतो. चाक ज्या दिशेला बघतंय आणि प्रत्यक्षात ज्या दिशेला जातंय त्यांत थोडा फरक पडतो. त्याला स्लिप अँगल म्हणतात. हा फरक म्हणजे घसरणं नव्हे. हा फरक असल्याशिवाय टायर आडवं बळ देऊच शकत नाही. फरक वाढत जातो तशी पकड वाढते, रस्त्यावरच्या टायरांत साधारण सहा ते दहा अंशांच्या दरम्यान ती शिखरावर पोचते, आणि मग उतरते. ती कशी उतरते यावर सगळा खेळ आहे. काही टायरांची हद्द कास पठारासारखी असते: वर पोचलात तरी चालायला जागा आहे, चुकलात तर परत फिरता येतं. काहींची कोकणकड्यासारखी. एक पाऊल आधीपर्यंत सगळं सपाट, आणि पुढे दरी. शर्यतीचे टायर सहसा या दुसऱ्या जातीचे, म्हणून "रेसिंग टायर म्हणजे जास्त सुरक्षित" या समजुतीत फारसा दम नाही.

स्टीअरिंगला ही चाहूल कशी लागते? वळताना टायरच्या तळहाताचा मागचा भाग जास्त ओढ घेतो, पुढचा कमी. त्यामुळे चाकाला सतत सरळ होण्याची ओढ असते. तीच आपल्याला स्टीअरिंगचा जडपणा म्हणून हाताला लागते. हद्द जवळ आली की तळहाताचा मागचा भाग आधी सुटू लागतो आणि ही ओढ कमी होते. म्हणजे पकड शिखरावर पोचायच्या *आधीच* स्टीअरिंग हलकं पडतं. निसर्गाने दिलेली आगाऊ नोटीस आहे ही. पूर्वीच्या हायड्रॉलिक स्टीअरिंगमधून ती हातापर्यंत बऱ्यापैकी पोचायची. आताच्या इलेक्ट्रिक मोटरवाल्या स्टीअरिंगमध्ये कंपनीने किती पोचू द्यायची ठरवलं आहे त्यावर अवलंबून. काही गाड्यांचं "स्पोर्ट" बटण नुसता जडपणा वाढवतं, नोटीस मात्र तळघरातच राहते.

हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं. कोइमतूरला एका ट्रॅक-डेला पाणी मारलेल्या छोट्या वर्तुळात मला साध्या पुढच्या चाकांच्या सेडानमध्ये बसवलं. शेजारी तमिळ इन्स्ट्रक्टर, मोडकी हिंदी, त्याहून मोडकी माझी इंग्रजी. दर फेरीला दोन किलोमीटर वेग वाढवायचा. चाळिशीच्या आसपास गाडी बाहेर सरकली. त्यांनी विचारलं, "कळलं का?" मी म्हणालो, "हो, सरकली." ते म्हणाले, "सरकली ते मलापण कळलं. सरकायच्या आधी काय झालं?" सहाव्या वेळेला माझ्या बोटांना पहिल्यांदा लागलं की स्टीअरिंग लोण्यासारखं झालंय, आणि त्यानंतर अर्ध्या सेकंदाने नाक सुटलं. तो अर्धा सेकंद दाखवण्यासाठीच ते मला गोल गोल फिरवत होते.

वर्तुळापासून सुरुवात

इंजिनिअरही तिथूनच सुरुवात करतात. ठरावीक त्रिज्येचं वर्तुळ, हळूहळू वाढवलेला वेग, आणि प्रत्येक वेगाला स्टीअरिंग किती फिरवावं लागलं याची नोंद. वेग वाढताना स्टीअरिंग थोडं थोडं जास्त फिरवावं लागत असेल तर गाडी अंडरस्टीअरकडे झुकलेली. आलेख एकाएकी उभा चढला तर नाक अचानक सुटतं. कंटाळवाणं काम आहे, पण गाडीचा पायाभूत स्वभाव इथे कळतो. मध्य प्रदेशात पिथमपूरला इंदूरजवळ नॅट्रॅक्सच्या चाचणी केंद्रात अशा कामासाठी मोठी डांबरी पटांगणं आहेत; तिथल्या ११.३ किलोमीटरच्या हाय-स्पीड ट्रॅकचं उद्घाटन जून २०२१ मध्ये तेव्हाचे अवजड उद्योग मंत्री, पुण्याचे प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झालं.

मग येते खरी परीक्षा: अचानकपणा. वर्तुळात शहाणी वागणारी गाडी दोन झटक्यांत वेडी होऊ शकते. केशरी कोन लावून ६१ मीटरची एक वाकडी गल्ली तयार करतात. सरळ आलात, समोर काहीतरी आलं, डावीकडे गेलात, लगेच परत आपल्या लेनमध्ये. ब्रेक मारायचा नाही, ॲक्सिलरेटर सोडून द्यायचा. स्वीडनमध्ये रस्त्यावर मूस नावाचं अवाढव्य हरीण येतं म्हणून हिला मूस टेस्ट म्हणतात. आपण म्हैस टेस्ट म्हणायला हरकत नाही. ऑक्टोबर १९९७ मध्ये एका स्वीडिश मोटार मासिकाच्या अशाच चाचणीत नवी कोरी मर्सिडीज ए-क्लास उलटली. जगभर बोभाटा झाला. कंपनीने विक्री थांबवली, सस्पेन्शन बदललं आणि तोवर महागड्या गाड्यांतच मिळणारं ईएसपी, म्हणजे घसरू लागलेल्या गाडीला आपोआप ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवलं. ईएसपी साध्या गाड्यांत उतरायला हा अपघात मोठं निमित्त ठरला.

या चाचणीत दुसरा झटका पहिल्यापेक्षा धोक्याचा असतो. पहिल्या झटक्याला गाडी उजवीकडे कलंडते, स्प्रिंगा दबतात. त्या उसळून वर येत असतानाच तुम्ही उलट फिरवता, आणि दबलेल्या स्प्रिंगांची उसळी तुमच्या झटक्यात मिळते. डोक्यावरचा हंडा एकदा डचमळला तर सावरता येतो. त्या डचमळण्याच्या तालावरच दुसरं पाऊल पडलं तर पाणी अंगावर. चांगले शॉक ॲब्सॉर्बर हा हंडा पहिल्या डचमळीतच शांत करतात. लोक गाडीचं मोठेपण इंजिनवरून ठरवतात, पण या गल्लीतून जाताना इंजिन काहीच करत नसतं.

माणसाचा हात दर वेळी सारखा चालत नाही, म्हणून कायद्याच्या चाचणीत स्टीअरिंगला यंत्र जोडतात. अमेरिकेच्या नियमात ताशी ८० किलोमीटर वेगाला यंत्र स्टीअरिंग एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला फिरवतं, तिथे अर्धा सेकंद धरून ठेवतं आणि सरळ करतं. त्यानंतर एका सेकंदाने गाडीचा स्वतःभोवती फिरण्याचा वेग त्याच्याच मघाच्या कमाल आकड्याच्या ३५ टक्क्यांच्या आत आला पाहिजे, पावणेदोन सेकंदांनी २० टक्क्यांच्या आत. ईएसपी हे कसं साधतं? स्टीअरिंग कुठे वळलंय आणि गाडी प्रत्यक्षात किती फिरतेय यांची तुलना ते सतत करत असतं. शेपूट बाहेर यायला लागली की बाहेरच्या पुढच्या चाकाला एकट्यालाच ब्रेक लावून नाक मागे खेचतं. एका चाकाला वेगळा ब्रेक लावणं हे कुठल्याच माणसाच्या पायाला जमण्यासारखं नाही.

म्हणून परीक्षण करणारे प्रत्येक गोष्ट दोनदा करतात, एकदा ईएसपी चालू ठेवून आणि एकदा बंद करून. चालू ठेवल्यावर कळतं मालकाला काय मिळणार आहे. बंद केल्यावर कळतं खाली लपलंय काय. मुळात चांगल्या गाडीत इलेक्ट्रॉनिक्स खांद्यावर हात ठेवतं. मुळात वाईट गाडीत ते कॉलर धरतं.

मग ट्रॅक कशाला?

कारण पटांगणावर गाडी एका वेळी एकच गोष्ट करते. ट्रॅकवर सगळं एकत्र येतं आणि परत परत येतं. ग्रेटर नोएडाचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट घ्या: ५.१२५ किलोमीटर, १६ वळणं, २०११ ते २०१३ तिथे फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा सेबास्टियन व्हेटेल जिंकला. तिसऱ्या वळणानंतर किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, आणि त्याच्या टोकाला चौथं वळण, अगदी आखूड. स्पोर्ट्स सेडान तिथे २०० च्या आसपास पोचते आणि तिला साठीवर उतरावं लागतं. १,५०० किलोची गाडी २०० वरून ६० वर आणताना ब्रेकमध्ये जी उष्णता तयार होते तिच्यात साडेसहा लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. चार-पाच सेकंदांत. दोन-अडीच मिनिटांनी पुन्हा तेच. चौथ्या-पाचव्या फेरीला पेडल खोल जायला लागलं, तर पॅड तापून बोथट झालेत किंवा ब्रेक ऑइलला उकळी फुटलीय. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओल पिऊन झाल्यावर तो १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. कोकणात चार पावसाळे काढलेल्या गाडीतलं ऑइल न बदलता ट्रॅकवर नेणाऱ्याला मी शेजारी बसायला नाही म्हणेन.

पुढे दहाव्या-अकराव्या क्रमांकाचं उजवं वळण संपता संपत नाही. तिथे गाडी इतका वेळ एका कुशीवर असते की डावा पुढचा टायर शिजायला लागतो. पुढच्या चाकांच्या सेडानची खरी अडचण इथे दिसते: वळायचं काम त्याच चाकांचं, खेचायचंही त्यांचंच, वर नाकाचं वजनही त्यांच्यावर. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं हलकं झालेलं चाक नुसतं फिरू लागतं. ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्यांत यावर उपाय म्हणून पुढच्या चाकांमध्ये इलेक्ट्रॉनिक लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असतो. तो ताकद बाहेरच्या, दबलेल्या चाकाकडे वळवतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या बीएमडब्ल्यू एम३ च्या घराण्यात कामाची वाटणी आधीच झालेली: पुढची चाकं वळवतात, मागची ढकलतात. त्या गाडीत अशा वळणातून निघताना उजवा पाय दुसऱ्या स्टीअरिंगसारखा वापरता येतो. आणि चुकीचाही तितकाच सहज वापरला जातो.

फेरी संपवून गाडी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या थांब्यावर, आली की मेकॅनिक पहिल्यांदा टायरमध्ये सुई खुपसतो, तापमान मोजायची. आतली कड, मधला भाग, बाहेरची कड. मधला जास्त तापला असेल तर हवा जास्त आहे. दोन्ही कडा तापल्या तर हवा कमी. फक्त बाहेरची कड तापली तर टायर वळणात मुडपतोय. थर्मामीटर नसलेले लोक टायरच्या खांद्यावर खडूने रेघा ओढतात आणि कुठपर्यंत पुसल्या ते बघतात. वीस रुपयांचा खडू, पण उत्तर तेच.

जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगचं नाव यात येतंच. १९२७ पासून आयफेलच्या डोंगरात वळवळत पडलेला २०.८३२ किलोमीटरचा रस्ता, चढ-उताराचा फरक सुमारे ३०० मीटर. १ ऑगस्ट १९७६ रोजी फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर निकी लाउडा तिथे जळता जळता वाचला आणि त्यानंतर त्या लांब ट्रॅकवर फॉर्म्युला वन पुन्हा झालं नाही. आज जगातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या तिथे गाड्या पिळून काढतात, कारण उसळ्या, उतारावरचे ब्रेक, झाडाखालची ओल, सगळं एकाच फेरीत मिळतं. आपल्या घाटाला कुणी वेगमर्यादा काढून टाकल्यासारखं. पण त्यातून सेकंदांची एक शर्यत उभी राहिली आहे. २०२५ मध्ये शाओमीने, होय, तीच मोबाइलवाली, आपली चार दारांची इलेक्ट्रिक एसयू७ अल्ट्रा ७ मिनिटं ४.९५७ सेकंदांत फिरवून आणली. १,५४८ पीएस. अफाट काम आहे, शंका नाही. पण ही वेळ सांगते की एका निष्णात माणसाने, आखलेल्या दिवशी, पाठ असलेल्या रस्त्यावर गाडी कड्याच्या किती जवळ नेली. कड्याला कठडा आहे का, हे त्या आकड्यात नाही.

ते कळायला चांगला चाचणी ड्रायव्हर मुद्दाम चुका करतो. वळणाच्या ऐन मध्यात पाय झटकन उचलतो. भार पुढे पळतो, मागची चाकं हलकी होतात, शेपूट सरकते. किती सरकली, किती झपाट्याने, आणि उलट स्टीअरिंग दिल्यावर एका फटक्यात परत आली की दुसऱ्या बाजूला हेलकावा खाल्ला? मग वळणात ब्रेक. मग खडबडीत कडेवर दोन चाकं चढवून. मग पाणी मारून हे सगळं पुन्हा. पहिल्या पावसात दुचाकी आडवी झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ओल्यात हद्द नुसती खाली येत नाही, ती मुकीही होते. चाचणी ड्रायव्हरच्या वहीत मग आकड्यांच्या शेजारी असे शेरे पडतात: "नाक आधी बोलतं", "मागे गप्प, मग एकदम". पहिला शेरा मिळालेली गाडी फेरीत दोन सेकंद मागे असली तरी मी तीच घेईन.

शेवटची फेरी सावकाश मारायची असते, ब्रेक शक्यतो न लावता, म्हणजे वारा लागून सगळं थोडं निवतं. पिटमध्ये येऊन थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. तापलेले पॅड डिस्कला चिकटतात. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कवर ठेवायची आणि चाकाखाली वीट सारायची, घाटात ट्रकवाले दगड लावतात तशी. तासाभराने टायर थंड झाले की हवा पुन्हा तपासायची. तापून दाब वाढतो म्हणून सकाळी ट्रॅकसाठी ती मुद्दाम कमी केलेली असते, आणि आता त्याच टायरांवर हायवेने घरी जायचं असतं.